दुकानाची जाहिरात नेमकी कुठे करावी? कोकणातल्या दुकानदारासाठी पाटीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत

श्रावण लागला की आमच्या दुकानात गिऱ्हाइकाआधी जाहिरातवाले येतात. पेपरचा प्रतिनिधी गणपती पुरवणीचं दरपत्रक ठेवून जातो, केबलवाला खालच्या पट्टीचं विचारतो, मंडळाची मुलं पावतीपुस्तक उघडून उभी राहतात, फ्लेक्सवाला तर डिझाईनच फोनवर पाठवून देतो. सगळे ओळखीचे, कुणाला नाही म्हणवत नाही. मग थोडे थोडे पैसे सगळीकडे जातात, आणि गौरी-गणपती गेल्यावर कुठल्या जाहिरातीनं गिऱ्हाईक आलं ते काही कळत नाही.

कुडाळच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते उभं केलं, आता मी बघते. बरीच वर्षं आम्हीही असेच पैसे वाटत होतो. मग मी वही घातली आणि प्रत्येक माध्यमाचा हिशेब वेगळा ठेवायला लागले. त्या वहीतून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीनं लिहिते. तुमचं दुकान कापडाचं, चपलांचं, किराण्याचं किंवा काजू-कोकमाचं असलं तरी रीत तीच आहे.

पायरी १ : आधी वस्तू, मग गिऱ्हाईक, मग त्याची वाट

जाहिरात एका वस्तूची करा, अख्ख्या दुकानाची नको. ‘सर्व प्रकारची स्टील, पितळी व तांब्याची भांडी योग्य दरात मिळतील’ हे वाक्य आमच्या पत्रकांवर कित्येक वर्षं होतं. ते वाचून माणगाव खोऱ्यातून कुणी एस.टी. पकडून आल्याचं मला आठवत नाही. पुढे एका वर्षी आम्ही पत्रकावर फक्त ‘एका वेळी २१ मोदक, जाड बुडाचं मोदकपात्र’ आणि खाली किंमत एवढंच छापलं. त्या वर्षी बायका पत्रक हातात धरून दुकानात आल्या. मोदकपात्र घेता घेता पातेलं, झारा, समई असं बाकीचंही घेऊन गेल्या.

वस्तू ठरली की कागदावर तीन गोष्टी लिहा : वापरणार कोण, पैसे देणार कोण, आणि विक्रीच्या आधीच्या पंधरा दिवसांत हे दोघं कुठे असतात. कोकणात हे लिहून काढणं फार गरजेचं आहे, कारण इथे वापरणारा आणि पैसे देणारा पुष्कळदा एका गावात नसतात. मोदकपात्र आई वापरते, पैसे मुंबईतला मुलगा देतो. गावच्या घरचा फ्रीज, मिक्सर, पाण्याचा पंप, देवघर या सगळ्याचं तसंच आहे. फक्त कुडाळात फ्लेक्स लावला तर पैसे देणाऱ्याला तो दिसतच नाही. आणि फक्त मुंबईकडे लक्ष दिलं तर आई म्हणते, ‘जुना हा ता चलता मरे.’

बंदरावरच्या दुकानाचा हिशेब वेगळा. पावसाळी मासेमारी बंदी जून-जुलैत असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर येतात आणि जाळी उसवायला-विणायला काढतात. जाळी, दोर, बोये, इंजिनाचे भाग विकणाऱ्याची जाहिरात मे महिन्याच्या शेवटी जेटीवर आणि मच्छीमार सोसायटीच्या फळ्याजवळ दिसली पाहिजे. ती गणपतीच्या पुरवणीत देऊन काय उपयोग? मालवण-तारकर्लीच्या रस्त्यावर काजू-कोकम विकणाऱ्याचं गिऱ्हाईक गाडीत बसून फोनवर ‘जवळचं दुकान’ शोधत असतं. तिघांचा धंदा एकाच जिल्ह्यातला, पण गिऱ्हाइकांच्या वाटा तीन. माध्यम कुठलं घ्यायचं ते या वाटेवरून ठरतं.

पायरी २ : किती पैसे घालायचे

जाहिरातीचा खर्च नफ्यातून भरून निघतो, विक्रीतून नाही. समजा रिक्षा, पत्रकं आणि फोनवरची जाहिरात मिळून ६,००० रुपये खर्च झाला आणि तुम्हाला मालावर २० टक्के सुटतात. मग नुसता खर्च निघायलाच ३०,००० रुपयांची जादा विक्री व्हायला हवी. ही विक्री जाहिरात न करताही झाली असती त्याच्या वरची. किराण्यात सुटणारा टक्का कमी, म्हणून तिथे महागडी माध्यमं परवडत नाहीत. फर्निचर किंवा सोन्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकामागे रक्कम मोठी सुटते, तिथे पेपरची अर्ध्या पानाची जाहिरातही परवडू शकते. कुठलंही दरपत्रक समोर आलं की आधी हा भागाकार करा.

दुसरं, वर्गणी आणि जाहिरात यांची दोन वेगळी पानं करा. मंडळाची पावती, क्रिकेट स्पर्धेचा चषक, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, स्मरणिकेतलं पाव पान हे गावात राहण्याचे खर्च आहेत. ते मनापासून करावेत, पण त्यातून भांडी खपतील असा हिशेब धरू नये. ही दोन पानं वेगळी केल्यावर जाहिरातीसाठी किती कमी पैसे उरतात ते बघून मला धक्का बसला होता.

पायरी ३ : दुकानाचं तोंड

दारावरची पाटी, बाहेरची मांडणी आणि किमतीची चिठ्ठी ही सगळ्यात स्वस्त माध्यमं आहेत, आणि हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

पाटी मराठीत, देवनागरीत आणि ठळक असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही त्यात आली. अक्षराच्या उंचीसाठी साधा नियम ध्यानात ठेवा : दर १० फुटांना १ इंच. रस्त्यापलीकडून, म्हणजे ३० फुटांवरून नीट वाचता यायला हवं असेल तर अक्षर निदान ३ इंच उंच हवं. मालकाचं नाव, देवाचं नाव, स्थापना साल, तीन फोन नंबर हे सगळं एकाच पाटीवर कोंबलं की ‘भांडी’ हा शब्दच बारीक होतो. आमच्या पाटीवर आता तो सगळ्यात मोठा आहे.

खाऱ्या हवेत लोखंडी चौकट दोन पावसांत गंजते आणि गंजाचे ओघळ अक्षरांवर उतरतात. अ‍ॅल्युमिनियमची चौकट सुरुवातीला महाग पडते, पण किनारपट्टीला तीच घ्या. आतले दिवे लावून घेताना जोडाच्या जागा सिलिकॉननं बंद करायला सांगा.

मांडणीत आठवडा बाजाराचा दिवस वेगळा धरा. त्या दिवशी खेड्यातून आलेली बाई दुकानात शिरण्याआधी बाहेरूनच दोनदा बघून जाते. तिला किंमत दिसली तर ती आत येते. न दिसली तर ‘महाग असेल’ असं धरून पुढे जाते. म्हणून बाजारादिवशी बाहेरच्या फळीवर पाच वस्तू ठेवते, पाचांवरही किंमत लिहिलेली. बिडाचा तवा मी तेल लावून, वापरून तयार झालेला ठेवते. नवा करडा तवा आणि शेजारी घावण सुटणारा काळा तवा एकत्र बघितल्यावर काही समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ४ : गावात पोचणारी माध्यमं

पूर्वी दवंडी पिटत, आता रिक्षावर भोंगा फिरतो. खेड्यापाड्यांत याच्याइतकं पोचणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, पण ते नीट केलं तरच. बहुतेक रिक्षांवरची जाहिरात दीड मिनिटाची असते, गाण्यानं सुरू होते आणि दुकानाचं नाव शेवटी येतं. आता गणित बघा. रिक्षा ताशी १५ किलोमीटरनं जात असेल तर ती सेकंदाला साधारण ४ मीटर पुढे सरकते. घराच्या अलीकडे-पलीकडे मिळून १२० मीटरभर आवाज नीट कळतो असं धरलं तर त्या घराला ऐकायला ३० सेकंद मिळतात. म्हणून मजकूर १५ सेकंदांचा करा. म्हणजे प्रत्येक घराला तो निदान एकदा तरी सबंध ऐकू जातो.

आमचा मजकूर असा होता : ‘गणपती जवळ इले. मोदकपात्र माळ्यावरसून काढून बघलास काय? बूड झिजला आसात तर बाजाराक येवा.’ पुढे वस्तू, किंमत, दुकानाचं नाव. घरातल्या मुलीच्या आवाजात फोनवरच रेकॉर्ड केला. मालवणी बोली कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्यात चालते. संगमेश्वर-चिपळूणकडे तिकडची बोली घ्या, रायगडात आगरी-कोळी कानांना आपली वाटेल अशी. परक्या बोलीतली जाहिरात लोकांना नक्कल वाटते.

आपल्याकडे वाड्या रस्त्याच्या खाली, माडा-पोफळीत असतात. चालत्या रिक्षाचा आवाज वरच्या वर निघून जातो. त्यामुळे रिक्षावाल्याला थांबे लिहून द्या : तिठा, रेशन दुकान, देवळाचा पार, शाळेपासून दूरची बस थांब्याची शेड. प्रत्येक थांब्यावर तीन वेळा वाजवायचं आणि पुढे जायचं. भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या आजूबाजूचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असतो. परवानगीचा कागद रिक्षात ठेवा.

पत्रक हे दुसरं माध्यम. पेपरात घालून वाटायचं असेल तर विक्रेत्याशी आदल्या दिवशी बोलून घ्या, आणि एका विक्रेत्याच्या हद्दीतली पत्रकं दुसऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या कागदावर छापा. नेरूरला पिवळी, पिंगुळीला गुलाबी, ओरोसला पांढरी. गिऱ्हाइकानं पत्रक दाखवलं की रंगावरून गाव कळतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. पत्रक आणणाऱ्याला छोटी वस्तू द्या, नाहीतर ते घरीच राहतं. आम्ही गाळणी देतो. पावसाळ्यात पातळ कागद ओल्या पेपराला चिकटून फाटतो, तेव्हा थोडा जाड कागद घ्या आणि मागची बाजू कोरी सोडू नका. मागे आम्ही उकडीच्या मोदकांचं प्रमाण छापलं. ते पत्रक कितीतरी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागलं.

जत्रा आणि दहिकाले, म्हणजे जत्रेच्या रात्रीची दशावतारी नाटकं, यांच्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण शहरातल्या जाहिरात संस्थांच्या यादीत हे माध्यमच नसतं. कार्तिकापासून गावोगावी जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतार रंगतो. शेकडो माणसं चार-पाच तास एका जागी बसलेली असतात, त्यात मुंबईहून आलेलेही असतात. नाटक सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी एक उद्घोषणा मला पेपरच्या चौकटीपेक्षा मोलाची वाटते. मात्र पैसे देताना बोलणं स्वच्छ हवं : नाव किती वेळा घेणार, कापडी फलक कुठे लागणार, वस्तूचं नाव घेणार की फक्त ‘सौजन्य’ म्हणणार. डबल बारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या भजनाला हेच लागू. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा किंवा महाशिवरात्रीचं कुणकेश्वर इथे गर्दी अफाट असते, पण त्या गर्दीत फलकांचं जंगल होतं. छोट्या दुकानदारानं तिथे फलकाचा नाद सोडून एखादी टोपली किंवा स्टॉल लावावा, माल हातात द्यावा. आंगणेवाडीची तारीख देवीच्या कौलानं ठरते, त्यामुळे छपाईचं काम तारीख जाहीर झाल्यावरच द्या.

पायरी ५ : पेपर, रेडिओ, केबल

सिंधुदुर्गात तरुण भारत आणि पुढारी, रत्नागिरीत रत्नागिरी टाइम्स, चिपळूणला सागर, रायगडात कृषीवल. कोकणातली घरं आपला पेपर सहसा बदलत नाहीत. म्हणून ‘खप कुणाचा जास्त’ हे विचारण्याऐवजी तुमच्या दुकानात येणाऱ्या पन्नास जणांना ‘घरी पेपर कुठला येतो’ ते विचारा. उत्तर दोन दिवसांत मिळतं.

दर कॉलम सेंटिमीटरवर असतो. दोन कॉलम रुंद आणि १० सेंटिमीटर उंच जाहिरात म्हणजे २० कॉलम सेंटिमीटर. दराला २० नं गुणा आणि वर जीएसटी धरा. दर विचारताना आवृत्ती कुठली तेही विचारा. फक्त तालुका पानावरची जाहिरात संपूर्ण जिल्ह्यापेक्षा स्वस्त मिळते, आणि कुडाळातल्या भांड्यांच्या दुकानाला देवगडच्या वाचकाचा उपयोग नसतो. पुरवणीत शुभेच्छांच्या चौकटींच्या गर्दीत पडण्यापेक्षा आदल्या आठवड्यात दोन दिवस छोटी चौकट घेतलेली बरी. जागा कमी असेल तर रंगाला पैसे देऊ नका, तेच पैसे उंची वाढवायला वापरा.

मुद्रितशोधन स्वतः करा. एका वर्षी एका दैनिकात आमच्या फोन नंबरचा शेवटचा आकडा चुकला. गौरीच्या आदल्या दिवसापर्यंत सावंतवाडीतल्या एका गृहस्थांना मोदकपात्राचे फोन येत राहिले, आणि तेच बिचारे ‘तुमचा नंबर असा आहे का’ म्हणून शोधत दुकानात आले. दैनिकानं जाहिरात फुकट पुन्हा छापली, पण ती विसर्जनानंतर. तेव्हापासून छपाईला जाणारी प्रत मागवते, नंबर फोनवर दाबून बघते, आणि मगच होकार देते. तुम्हीही हे एक काम कुणावर सोपवू नका.

रेडिओ अजून ऐकला जातो, विशेषतः काजूच्या कारखान्यांत, दुकानांत, गाड्यांत. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रासारख्या ठिकाणी सेकंदांवर दर असतो. २० सेकंदांत चाळीसेक शब्द शांतपणे बोलता येतात, त्याहून जास्त लिहू नका. तुमच्या तालुक्यात कुठलं केंद्र स्वच्छ लागतं ते आधी चार गावांत फिरून ऐका. घाटाखाली डोंगराआड आवाज पोचत नाही अशा जागा भरपूर आहेत. केबलच्या खालच्या पट्टीनं आम्हाला कधी काही दिलं नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

पायरी ६ : फलक आणि भिंती

महामार्गावर गाडी ताशी ६० किलोमीटरनं जात असेल तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. फलक १०० मीटरवरून दिसू लागला तर वाचायला सहा सेकंद. त्यात वस्तू, दुकानाचं नाव आणि ‘पुढे २ किमी, डावीकडे’ एवढंच बसतं. फोन नंबर कुणी टिपून घेत नाही. बाण मात्र हवाच.

परवानगी ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा नगरपरिषदेची, जागामालकाची लेखी संमती, आणि महामार्गाच्या हद्दीत असेल तर तिथल्या यंत्रणेची. विनापरवाना फलकावर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा छापून घेताना जाडी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. कापडी फलक अजून चांगला. काम झाल्यावर त्याच्या पिशव्या शिवता येतात.

वारा विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत सरकत गेलं. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला महाकाय होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. आपला फलक लहान असला तरी रस्त्यावर माणसंच चालतात. मे उजाडला की मी मोठा फलक उतरवते आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस पुन्हा चढवते. त्या मधल्या काळात पावसात तो कुणी वाचतही नाही.

भिंत रंगवायची असेल तर ती कुठल्या बाजूला आहे ते बघा. आपल्याकडे जांभ्या चिऱ्याचे गडगे आणि भिंती. गिलावा नसलेल्या चिऱ्यावर रंग धरत नाही, भोकांत मुरतो. गिलावा असला तरी झडीच्या बाजूची भिंत ऑगस्टपर्यंत शेवाळानं हिरवीगार होते. वर झडीपासून बचाव म्हणून लोक जूनमध्ये झापं नाहीतर प्लास्टिक बांधतात, आणि त्याखाली आपली अक्षरं ऑक्टोबरपर्यंत बंद. त्यामुळे भिंत घ्यायची तर छप्पर पुढे आलेल्या, पावसाच्या उलट दिशेच्या बाजूची. रंगकाम दिवाळीनंतर करा म्हणजे शिमगा, लग्नसराई आणि मे महिना असे सगळे हंगाम मिळतात. एस.टी.च्या मागच्या बाजूची जागा आणि बसस्थानकातले फलक खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या नजरेत रोज येतात, पण करार लांबचे असतात. तीन-चार दुकानांनी मिळून घेतलं तर जमतं.

पायरी ७ : फोन, म्हणजे मुंबईपर्यंतची वाट

गेल्या काही वर्षांत माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी इथल्या आहेत. पण ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं’ एवढ्यानं काही होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो-किमतीसकट लावता येते. एकगठ्ठा संदेश पाठवायच्या एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनात साठवला आहे त्यांनाच तो पोचतो. बहुतेक दुकानदार इथेच अडकतात : शेकडो नंबर गोळा करतात, पण समोरच्यानं आपला साठवलेलाच नसतो. मी बिल करताना विचारते, ‘काकी, नव्या मालाचे फोटो पाठवू का? मग हा नंबर आत्ताच साठवा,’ आणि साठवेपर्यंत थांबते. नको म्हणणाऱ्याला पाठवत नाही. याद्या गावानुसार केल्या आहेत, आणि मुंबईकरांची एक वेगळी. महिन्यातून दोनदाच संदेश जातो. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या दुकानाचा आवाज लोक बंद करून टाकतात.

एकदा वालावलच्या एक आजी मोदकपात्र उचलून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या झिलाक फोटो पाठय मगो, तो पैशे धाडतलो.’ मी नुसता फोटो न पाठवता त्यांच्याच हातात भांडं देऊन चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. झाकण उघडलं, जाळी दाखवली, बूड वाजवून दाखवलं, किंमत सांगितली. डोंबिवलीहून पाचव्या मिनिटाला पैसे जमा झाले, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ त्यांच्या गावच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर फिरून आणखी चौकश्या आल्या. दुकानदारानं ग्रुपवर टाकलेली जाहिरात लोक पुढे ढकलत नाहीत, गावच्या आजीचा व्हिडिओ ढकलतात. त्यांची परवानगी घेऊन तोच आम्ही पुढेही वापरला.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे : मुंबईहून पैसे, वस्तू नावाची चिठ्ठी लावून बाजूला, आणि गावातलं कुणी बाजाराला आलं की त्याच्याकडे नाहीतर ओळखीच्या रिक्षानं घरी. ही सोय जाहिरातीतच लिहा, कारण गाडीत भांडं नेण्याचा त्रास वाचतो हेच मुंबईकराला हवं असतं. वेळही साधा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं आहे. गणपतीची तिकिटं काढायच्या त्या दोन-तीन दिवसांत घराघरात गावच्या गोष्टी निघतात. पहिला संदेश तेव्हा, दुसरा पंधरा दिवस आधी.

पैसे देऊन फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करायची तर आधी पाच दिवसांपुरती छोटी रक्कम घाला. जागा निवडताना तुमच्या तालुक्यासोबत मुंबई-ठाण्याचे ते भाग निवडा जिथे तुमच्या गिऱ्हाइकांची मुलं राहतात. ते तुम्हाला बिलांवरच्या गप्पांतून माहीत असतं. किती जणांनी अंगठा दिला ते बघू नका, किती जणांनी किंमत विचारली ते मोजा.

पर्यटकाच्या वाटेवरच्या दुकानाला गुगल नकाशावरची नोंद फलकापेक्षा महत्त्वाची. ती फुकट आहे. नाव मराठीत आणि इंग्रजीत, खूण नेमक्या दारावर, रस्त्यावरून दुकान कसं दिसतं तो फोटो, आणि सणांच्या दिवसांतल्या खऱ्या वेळा. दीड दिवसाच्या विसर्जनादिवशी दुकान बंद असेल तर तसं तिथे लिहा. बंद दारावरून परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

पायरी ८ : घरी जाणारी जाहिरात

कालनिर्णय १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. कोकणातल्या भिंतीवर दिनदर्शिका वर्षभर राहते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण प्रत्येक घरात चार-पाच येतात आणि एकच खिळ्याला लागते. आपली लागावी असं वाटत असेल तर तीत त्या घराच्या उपयोगाचं काहीतरी हवं. बंदरावरच्या दुकानानं भरती-ओहोटीच्या वेळा घालाव्यात, आंबा बागायतदारांच्या दुकानानं फवारणीच्या नोंदीसाठी रिकाम्या चौकटी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच वाटा, उशिरा गेलेली माळ्यावर जाते.

माझा जास्त भरवसा कापडी पिशवीवर आहे. २०१८ च्या प्लास्टिक बंदीनंतर आम्ही जाड सुती पिशव्या शिवून घेतल्या, बचत गटाच्या बायकांकडून. दोन्ही बाजूंना नाव आणि फोन नंबर. त्या पिशवीतून नारळ, फणसाचे गरे, कोकमं मुंबईला जातात आणि तिथल्या भाजीबाजारात वर्षभर फिरतात. पातळ पिशवी शिवून पैसे वाचवू नका, ती नारळ पेलत नाही.

पायरी ९ : लिहिलेलं खरं असू द्या

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आधी किंमत वाढवून मग सूट दाखवणं, तीन नग असताना ‘भरपूर साठा’ लिहिणं यात येतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरच्या राज्यातला आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून फलकावर लिहिणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो आणि शेजारच्या बागायतदारालाही खाली ओढतो. हे आपल्या किनाऱ्यावर घडतं आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

पायरी १० : वही

गल्ल्याशेजारी दोरी बांधलेली वही आणि पेन ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न : ‘कुठून कळलं?’ उत्तरासमोर रेघ मारायची : रिक्षा, पत्रक पिवळं, पत्रक गुलाबी, पेपर, दहिकाला, व्हॉट्सअ‍ॅप, पिशवी, कुणी सांगितलं. शेजारी बिलाची रक्कम. गर्दीत विसरायला होतं म्हणून ही जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. आमच्याकडे ती माझी पुतणी बघते. एका वेळी दोनच नवी माध्यमं वापरून बघा, नाहीतर कशानं काय झालं ते वेगळं काढता येत नाही.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी दुकान लवकर उघडा. आधी फलक उतरवून धुऊन घडी घाला. मग वहीतल्या रेघा मोजा, प्रत्येक माध्यमाची विक्री लिहा, त्यातून सुटलेला नफा काढा आणि समोर त्याचा खर्च मांडा. ज्यानं खर्चही भरून दिला नाही त्यावर लाल शाईनं काट मारा, आणि ते पान घडी घालून पुढच्या श्रावणासाठी पावतीपुस्तकांच्या खणात ठेवा.